आमच्या मुलीसारखीच

काका माइक हातात घेऊन म्हणाले, "हिला आम्ही घरी आणलं तेव्हा हिच्या डोक्यात उवा होत्या."

काकांची साठी होती. टाकानिनीतलं त्यांचं नवं घर, मागच्या डेकवर मांडव घातलेला, ऑकलंडमधली ओळखीची बरीचशी मराठी मंडळी जमलेली. कुणी आयटीतलं, कुणी इंजिनिअर. मी पाण्याच्या ग्लासांचा ट्रे घेऊन माणसांमधून फिरत होते. जागच्या जागी थांबले.

"संडास कसा वापरायचा ते माहीत नव्हतं हिला," काका पुढं म्हणाले. लोक हसले. वाईट नाही हसले. कौतुकानं हसले. "आणि आज बघा. न्यूझीलंडची रेसिडेंट. स्वतःच्या पायावर उभी. आम्ही हिला कधी नोकर मानलं नाही. आमच्या ईशासारखीच. आमच्या मुलीसारखीच."

टाळ्या वाजल्या.

मी ट्रे घट्ट धरला. ग्लास एकमेकांना लागून वाजत होते, तेवढाच आवाज मला ऐकू येत होता. काकांचं संपलं नव्हतं.

"आणि आज एक आनंदाची बातमी सांगतो. हिच्या भावाची मुलगी आहे गावाकडं. अकरा वर्षांची. जूनमध्ये ती पुण्याला माझ्या मेहुण्याकडं राहायला येतेय. त्याच्याशी बोलणं झालंय, हिच्या भावाशीही झालंय. म्हणजे अजून एक मुलगी घडणार."

पुन्हा टाळ्या. आधीपेक्षा जास्त.

मला हे माहीत नव्हतं. माझ्या भावाच्या मुलीबद्दलची बातमी मी त्या सगळ्यांबरोबर, माइकवरून ऐकली.

काकू जवळ आल्या. माझ्या डोळ्यांत पाणी होतं ते त्यांनी पाहिलं. माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "रडू नकोस गं. आनंदाचा दिवस आहे. आणि आत पुरणपोळ्या गरम करायला घे, पंगत बसतेय." मग हळूच म्हणाल्या, "आमच्या वहिनीला पण हात होईल. बाई सोडून गेली तिची, आणि घरात जुळी पोरं."

मी आत गेले. पोळ्या गरम केल्या. एकही करपू दिली नाही. हात आपोआप चालत होते. त्या हातांचाच मला सगळ्यात जास्त राग आला.

उवा नव्हत्या.

मला ज्या दिवशी पुण्याला नेलं, त्याच्या आदल्या दिवशी आईनं मला दारातल्या दगडावर बसवून रिठ्यानं न्हाऊ घातलं होतं. फणीनं एकेक बट विंचरली होती. पुण्याची माणसं आहेत, नावं ठेवतील, म्हणत होती. सकाळी तेल लावून दोन वेण्या घातल्या, लाल रिबिनी बांधल्या. रिबिनी नव्या होत्या. आमचं गाव बार्शीच्या पुढं. आम्ही मांगवाड्यातले. वडील लग्नांत हलगी वाजवायचे, आई दुसऱ्याच्या रानात जायची. गावातल्या मास्तरांची आणि काकांची ओळख होती. मास्तर वडिलांना म्हणाले, पोरगी हुशार आहे, मोठ्या घरात राहील, शिकेल. वडिलांनी मान हलवली. आईला कुणी विचारलं नाही.

पुण्यात पोचल्यावर काकूंनी मला बाल्कनीत बसवलं आणि कात्रीनं दोन्ही वेण्या कापल्या. डोकं बघितलंसुद्धा नाही. रिबिनीसकट वेण्या वर्तमानपत्रात गुंडाळल्या आणि कचऱ्यात टाकल्या. मी दहा वर्षांची होते. ओरडले नाही. मोठ्या घरात असंच करत असतील, असं वाटलं.

नावही बदललं. माझं नाव आणि काकूंच्या सासूबाईंचं नाव एकच निघालं. त्या नावानं हाक मारून पोरीला रागावायचं कसं, ही घरात अडचण झाली. मग मला एक छोटंसं नाव दिलं, दोन अक्षरी, कुत्र्यामांजराला देतात तसं. ते नाव मी इथं लिहीत नाही. माझं ताट वेगळं होतं. स्टीलचंच, सगळ्यांसारखं, पण मागच्या बाजूला नेलपॉलिशचा लाल ठिपका. गोंधळ नको म्हणून, काकू म्हणायच्या. जातीचं नाव त्या घरात कधी कुणी उच्चारलं नाही. ठिपका होता ना.

दोन वर्षांच्या ईशाला मी सांभाळायचे. तिला भरवायचं, धुवायचं, फिरवायचं. दुपारी महापालिकेच्या शाळेत जायचं. परत आलं की भांडी. खोटं बोलणार नाही, शाळेत मला घातलं होतं. वह्या मिळायच्या. ईशाची परीक्षा असली की माझी शाळा बुडायची, एवढंच.

आई एकदा भेटायला आली होती. तिला वर बोलावलं नाही. ती खाली पार्किंगमध्ये, वॉचमनच्या खुर्चीजवळ जमिनीवर बसली. काकूंनी माझ्याच हातानं प्लास्टिकच्या ग्लासात चहा पाठवला. आईनं माझ्या कापलेल्या केसांवरून हात फिरवला.  मग विचारलं, "शिकिवत्यात का?" मी हो म्हणाले. "मग ऱ्हा," म्हणाली. ग्लास धुवून परत दिला आणि गेली. नंतरच्या वर्षी ती गेलीच. मला सांगितलं तेव्हा माती होऊन गेली होती.

माझी दहावी झाली त्या सुमाराला काका, काकू, ईशा न्यूझीलंडला आले. मी पुण्यातच राहिले, काकूंच्या सासूबाईंची शुश्रूषा करायला. त्या अंथरुणाला खिळल्या होत्या. ते करता करता नर्सिंगचा छोटा कोर्स केला. म्हातारी गेल्यावर काकूंचा फोन आला, "तू पण ये इकडं, शिक, आमच्याकडं राहा." व्हिसाच्या कामात काकांनी मदत केली. हेही खरं आहे. कॉलेज सुटलं की मी त्यांच्या घरी येऊन स्वयंपाक करायचे, व्हॅक्यूम करायचे, काकांचे शर्ट इस्त्री करायचे. गॅरेजशेजारची खोली माझी. रेस्ट होममध्ये, म्हणजे म्हाताऱ्या माणसांच्या निवासात, केअरगिव्हरची नोकरी लागल्यावर मी तिथून निघाले. हिल्सबरोत एक खोली घेतली. पण त्यांच्या घरी कार्यक्रम असला की मला आदल्या दिवशी फोन यायचा. पाहुण्यांना बोलावतात तसा नाही. "ये गं लवकर," असा.

मी जायचे. का जायचे, हे मला कुणी विचारलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं.

ते मार्थानं विचारलं.

मार्था आमच्या रेस्ट होममध्ये माझ्याआधीपासून आहे. साठीला टेकलेली, उंच, चालताना एक पाय थोडा ओढते. लायबेरियाची. पश्चिम आफ्रिकेत आहे हा देश, समुद्रकाठी. इतकी वर्षं बरोबर काम करून मला तेवढंच माहीत होतं. साठीच्या कार्यक्रमानंतरच्या सोमवारी जेवणाच्या सुट्टीत आम्ही दोघी मागच्या बाकावर बसलो होतो. काय झालंय, तिनं विचारलं. मी सांगितलं. काकांचं भाषण, टाळ्या, भाची. सांगून झाल्यावर मी सवयीनं म्हणाले, "पण माणसं चांगली आहेत. मला मुलीसारखं वागवलं."

मार्थानं डबा खाली ठेवला. तिच्या इंग्रजीत म्हणाली, "मुलीसारखं म्हणजे मुलगी नव्हे. माझ्या देशात याला एक शब्द होता. वॉर्ड. मोठ्या घरी वाढायला दिलेलं पोर. मी वॉर्ड होते."

मग तिनं जे सांगितलं ते एका सुट्टीत संपलं नाही. तो सगळा आठवडा ती सांगत राहिली.

दोनशे वर्षांपूर्वी अमेरिकेतून जहाजं तिच्या देशाच्या किनाऱ्याला लागली. जहाजांत गोरे मालक नव्हते. गुलामीतून सुटलेली काळी माणसं होती. ज्यांच्या पाठीवर चाबकाचे वळ होते, किंवा ज्यांच्या आईबापांच्या पाठीवर होते, ती माणसं. त्यांनी किनाऱ्यावर घरं बांधली. कशी बांधली? अमेरिकेत ज्या मालकांच्या घरी राबले होते, तशीच. पुढं पांढरे खांब, वर सज्जा. भर उन्हात कोट आणि उंच टोप्या घालून फिरायचे. आणि आतल्या रानात आधीपासून राहणाऱ्या माणसांना रानटी म्हणायचे.

"माझी माणसं आधीपासून होती तिथं," मार्था म्हणाली. "देशाच्या शिक्क्यावर जहाजाचं चित्र आहे. खाली लिहिलंय, स्वातंत्र्याच्या प्रेमानं आम्हाला इथं आणलं. शाळेत रोज म्हणायचे मी ते. आम्हाला. आम्हाला कुणीच आणलं नव्हतं. आम्ही तिथंच होतो."

शंभराहून जास्त वर्षं त्या देशात एकाच पक्षाचं राज्य होतं, किनाऱ्यावरच्या थोड्या घराण्यांचं. आतल्या लोकांना मत नव्हतं, पण झोपडीवर कर होता. कर भरला नाही की सैनिक यायचे. तिच्या आजोबांना सैनिकांनी गावातून धरून नेलं आणि दूरच्या बेटावर मळ्यात राबायला जहाजानं पाठवलं. कुणी पाठवलं? गुलामांच्या नातवंडांनी.

मी हे ऐकताना जेवण विसरले. मला वाटायचं, ज्यानं सोसलं त्याला कळतं. त्याला तरी कळतं.

मार्था आठ वर्षांची असताना तिला गावातून राजधानीतल्या एका खात्याच्या अधिकाऱ्याच्या घरी ठेवलं. शिक्षण मिळेल, मोठ्या घराचं आडनाव मिळेल. बापाला अभिमान वाटला होता. तिचं खरं नाव कोऊ. घरच्या बाईनं पहिल्याच दिवशी मार्था ठेवलं. आपली भाषा बोलायची नाही, असं बजावलं. बोलली की ओठांवर मिरची चोळायची. पाहुणे आले की ती बाई म्हणायची, ही आमच्याच घरची.

"तू काय करायचीस तिथं?" मी विचारलं.

"तू काय करायचीस?" ती म्हणाली.

मग त्या देशात तांदळाचा भाव वाढवायचं ठरलं. गरीब माणूस तिकडं भातावरच जगतो. लोक रस्त्यावर आले. सरकारनं गोळ्या झाडल्या. पुढच्याच वर्षी सैन्यातल्या एका सार्जंटनं आपल्या साथीदारांसकट राष्ट्राध्यक्षाच्या वाड्यात घुसून त्याला मारलं. सार्जंट आतल्या मुलखातला होता. पहिल्यांदाच आतल्या माणसाच्या हातात देश आला. काही दिवसांनी जुन्या मंत्र्यांना समुद्रकिनारी खांबांना बांधलं आणि सगळ्यांसमोर गोळ्या घातल्या. माणसं नाचली, टाळ्या वाजवल्या.

"मीही वाजवल्या," मार्था म्हणाली. "बारा वर्षांची होते."

सैनिक तिच्या मालकाच्या घरीही आले. मालकाला चड्डीवर बाहेर ओढून रस्त्यानं नेलं. मालकीण मागच्या बाजूला मार्थाच्या खोलीत शिरली, आपला झगा उतरवला आणि मार्थाचं लुगडं कमरेला गुंडाळून भांड्यांपाशी बसली. सैनिकांनी मार्थाला विचारलं, ही कोण? मार्था म्हणाली, "स्वयंपाकीण." सैनिक निघून गेले.

"मग?" मी विचारलं. "मग ती काय म्हणाली तुला?"

"काही नाही. लुगडं सोडलं आणि माझ्याकडं फेकलं. धुवून टाक, म्हणाली."

मार्था हे सांगून उठली, कारण आतून बेल वाजत होती. एका आजोबांना बाथरूमला न्यायचं होतं. मी बसून राहिले.

मला वाटलं होतं, गोष्ट इथं संपली. अन्याय करणारे गेले, आमच्यातला माणूस आला. पण दुसऱ्या दिवशी मार्थानं पुढचं सांगितलं. सार्जंटनं सुरुवातीला मोठी भाषणं केली. मग त्यानं स्वतःच्या जमातीची माणसं सगळीकडं बसवली. आपल्याबरोबरच्या साथीदारांना संपवलं. निवडणूक घेतली आणि मतं हवी तशी मोजून घेतली. मार्थाच्या शेजारच्या खांबांच्या घरात त्याचा एक अधिकारी राहायला आला. साधा शिपाईगडी होता कालपर्यंत. त्याच्या बायकोनं थोड्याच दिवसांत गावाकडून दोन लहान मुली आणल्या. त्या मुली सकाळी अंगणात भांडी घासायच्या. मार्था कुंपणाच्या या बाजूला घासायची.

"त्या अधिकाऱ्याची बायको पण सांगायची सगळ्यांना," मार्था म्हणाली, "या आमच्याच घरच्या."

मग लढाई पेटली. बंदुका घेतलेली पोरं रस्त्यात दोऱ्या बांधून माणसं अडवायची. आडनाव विचारायची, भाषा विचारायची. चुकीचं उत्तर आलं की बाजूला घ्यायची. बापाला ज्याचा अभिमान होता ते किनाऱ्यावरचं आडनाव असलेला कागद मार्थानं गटारात टाकला आणि ती रांगेत उभी राहिली. आईची भाषा तिला अर्धीमुर्धीच आठवत होती. तिच्या पुढं उभ्या असलेल्या बाईला आठवली नाही. त्या बाईचं काय झालं हे मार्थानं सांगितलं नाही. मी विचारलं नाही. पायाचं दुखणं तेव्हाचं आहे, एवढंच म्हणाली. नंतर शेजारच्या देशातल्या छावणीत बरीच वर्षं काढली आणि तिथून ती इथं आली.

सगळं सांगून झाल्यावर तिनं मला विचारलं, "तुझी भाची आत्ता कुठंय?"

"घरी. गावात."

"मग इथं बसून काय ऐकतेस?"

मी त्याच संध्याकाळी भावाला फोन केला. तिकडं दुपार होती. तो माझ्याहून लहान. मला आक्का म्हणतो.

"तू मला न विचारता हो म्हणालास?"

"आक्का, त्यात इचारायचं काय? तुझ्याच तर मान्सांकडं चाललीय. आन् साहेबांचा मेव्हना मला सोसायटीत वॉचमनचं काम लावून देनार हाय. समदेच पुण्याला जातो आमी."

"ती तिथं भांडी घासणार."

"तू न्हाई घासलीस? घासून न्यूझीलंडला पोचलीस न्हवं? आमी शाळेत ऱ्हायलो, आमी कुठं पोचलो?"

  माझ्याकडं बोट दाखवूनच तो ते बोलत होता. काकांच्या भाषणात मी होते, तशीच भावाच्या बोलण्यात होते. मीच पुरावा. माझ्यामुळं ती पोरगी जाणार होती.

"वहिनीला विचारलंस?"

मी उत्तराची वाट बघितली नाही. मी म्हणाले, वहिनीला फोन दे. वहिनीनं फोन घेतला.  नुसता श्वास ऐकू येत होता. मग तिनं फोन पोरीकडं दिला.

"आत्या, माझी कबड्डीच्या टीममधी निवड झालीय," ती म्हणाली. "तालुक्याला जायचंय. मी रेडर हाय."

"पुण्याला जायचंय का तुला?"

"पप्पा म्हनत्यात, जायाचं." मग आवाज बारीक केला. "मला तालुक्याला जायचंय."

भाऊ परत फोनवर आला. आता चिडला होता. म्हणाला, "तुला त्यांच्याकडं धाडायची नसंल तर तूच ने तिला. तुझ्याजवळ ठेव. तुलाबी घरात हात हुईल."

त्यानं सहज म्हटलं. मला मात्र त्या अधिकाऱ्याची बायको दिसली. मी भाड्याच्या एका खोलीत राहते, पण खांबांचं घर बांधायला काय लागतं? दमून घरी आल्यावर कुणीतरी चहा करून द्यावा एवढी इच्छा पुरते. ती इच्छा मला आहे. रोज आहे. 

"नाही," मी म्हणाले. "त्यांच्याकडं नाही आणि माझ्याकडंही नाही." त्यानं फोन ठेवला.

रविवारी मी टाकानिनीला गेले. फोन न करता. पहिल्यांदाच पुढच्या दारानं गेले आणि बेल वाजवली. एरवी मी गॅरेजमधून जायचे. काकूंनी दार उघडलं, म्हणाल्या, "बरं झालं आलीस, साठीच्या दिवसाची मोठी पातेली अजून तशीच पडलीत."

"मी बसायला आलेय," मी म्हणाले आणि सोफ्यावर बसले.

काका मॅच बघत होते. ईशाही होती. ती अप्पर हटला राहते, नोकरीसाठी रोज ट्रेननं वेलिंग्टनला जाते. वीकेंडला आली होती. मी काकांना म्हणाले, "टीव्ही जरा बंद करा." त्यांनी माझ्याकडं पाहिलं. या घरात मी त्यांना कधी काही करायला सांगितलं नव्हतं. त्यांनी आवाज कमी केला.

"माझी भाची पुण्याला येणार नाही," मी म्हणाले.

"का? तुझ्या भावाशी बोलणं झालंय."

"तुम्हाला जे हवं होतं ते बोलणं झालं. ती येणार नाही."

"अगं, गावात काय करणार ती? चार वर्षांत लग्न लावून देतील."

"मग माझ्या भावाला फोन करून ते सांगा. लग्न लावू नको म्हणून सांगा. मुलगी मागू नका."

"मागतोय?" काकांचा आवाज चढला. "आम्ही देतोय. शिक्षण देतोय, संस्कार देतोय. तू नव्हतीस का राहिलीस?"

"काका, माझ्या डोक्यात उवा नव्हत्या."

"काय?"

"तुम्ही माइकवर म्हणालात, उवा होत्या. नव्हत्या. माझ्या आईनं आदल्या दिवशी फणीनं सगळे केस विंचरले होते."

काका हसले. खरंच हसले. "एवढंच होय? अगं, ते असंच बोलतो माणूस. लोकांना हसवायला."

ईशानं फोनमधून मान वर केली. तिला मराठी सगळं कळतं, बोलते इंग्लिश. "वेट," ती म्हणाली. "हाउ ओल्ड वॉज शी? व्हेन शी केम टू अस?"

"ईशा, तू वर जा," काकू म्हणाल्या.

"दहा वर्षांची," मी सांगितलं. "तू दोन वर्षांची होतीस."

"आय थॉट शी वॉज अ कझिन ऑर समथिंग."

 मी ईशाकडं पाहत राहिले. तिला मी भरवलं होतं, तिच्या तापात जागले होते. वाटलं, ही तरी काही म्हणेल. ती उठली. "आय कान्ट डील विथ दिस राइट नाऊ," म्हणाली आणि जिना चढून वर गेली. वरचं दार लागल्याचा आवाज आला.

काकू रडायला लागल्या होत्या. "काय कमी केलं तुला? कुणी आणलं तुला इथं? हे पांग फेडलेस?"

"माझ्यासाठी केलंत," मी म्हणाले. "मीही केलं. तुमच्या सासूबाईंचं हगणंमुतणं शेवटपर्यंत मी काढलं. तुम्ही विमानानं तेराव्याला आलात. त्याबद्दल तुम्ही माइकवर काही बोलला नाहीत."

काका उठून उभे राहिले. "निघ," म्हणाले. "पुन्हा या घरात पाऊल टाकू नकोस."

"नाही टाकणार. पण तुमच्या मेहुण्यांना आज सांगा. मुलगी येणार नाही. आणि त्यांनी दुसरीकडची कुणी आणली, तरी मी तक्रार करेन. मला त्यांचा पत्ता माहीत आहे. पुण्यात असताना त्यांचाही जिना मीच धुतलाय."

 दार मीच उघडलं, मीच लावलं.

त्यानंतर काय झालं ते सरळ सांगते. कार्यक्रमांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपमधून मला काढलं. डेअरीत दूध घ्यायला गेले तर ओळखीच्या एक बाई भेटल्या, म्हणाल्या, ऐकलं बाई तुझ्याबद्दल, एवढं करून शेवटी हे. मी कृतघ्न आहे हे आता ऑकलंडमधल्या बऱ्याच घरांत ठरलंय. ईशाचा फोन नाही, मेसेज नाही. भावानं बोलणं टाकलं. वॉचमनचं काम गेल्याचा राग तो वहिनीवर काढतो, असं तिनं एकदा चोरून फोन करून सांगितलं. त्या वेळी तिनं आणखी एक गोष्ट सांगितली. काकांच्या मेहुण्याचा फोन परत आला होता. आक्काला सांगू नका, म्हणाला, गाडी पाठवतो, जूनमध्ये गुपचूप पाठवून द्या. काम अजून राखून ठेवलंय. भावानं होकार दिलाय.

मी भावाला मेसेज केला. लिहिलं, गाडी दारात आली तर मी तक्रार करणार. बालकामगार ठेवल्याची साहेबांच्या मेहुण्यावर आणि पोटची पोर दिल्याची तुझ्यावर. तुझं नाव घालून. तू माझा सख्खा भाऊ आहेस म्हणून सोडणार नाही.

त्यानं वाचला. उत्तर नाही.

मी पोरीच्या शाळेतल्या बाईंशी बोलले. त्यांनी सुरुवातीला टाळलं, घरगुती भानगड आहे म्हणाल्या. मी रोज फोन केला. आता त्या म्हणतात, जूनमध्ये शाळा उघडल्याच्या दिवसापासून पोरीची हजेरी स्वतः बघेन. बघतील की नाही, माहीत नाही. मी कुणाच्या भरवशावर बसलेली नाही. जूनची रजा टाकलीय, तिकीट काढलंय. ज्या आठवड्यात गाडी यायचीय त्या आठवड्यात मी गावात, भावाच्या दारात असेन. तो मला घरात घेणार नाही. मी बाहेर बसेन. गाडी आली तर गाडीच्या पुढं आडवी होईन, आणि पहिली तक्रार सख्ख्या भावावर करेन.